फलकाचा उजवा कोपरा

"कुठे वाचलंत?"

समोरच्याने काहीही सांगितले, की कपाळावर ठेवलेला चष्मा तो नाकावर घ्यायचा आणि हे दोन शब्द उच्चारायचा. उद्या नळाला पाणी येणार नाही, असे शिपायाने सांगितले तरी हेच. नवे परिपत्रक आले आहे, असे मी सांगितले तरी हेच. स्वरात उद्धटपणा नसे. किती वाजले असे विचारावे, तसे तो विचारी. उत्तर मिळाले की मान डोलावून कामाला लागे. उत्तर मिळाले नाही, तर चष्मा पुन्हा कपाळावर जाई आणि आपले बोलणे त्याने खरे धरलेले नाही, हे आपल्याला कळे.

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. तो तुमच्या हाताखालचा असेल, तर तुम्हाला तो आवडत नसेल. मलाही आवडत नव्हता.

परळमधल्या एका मराठी शाळेत मी अकरा वर्षे मुख्याध्यापक होतो आणि तो प्रयोगशाळा सहायक होता. परीक्षानळ्या धुणे, आम्लांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावणे, तासाला साहित्य मांडणे आणि तास संपला की उचलणे, हे त्याचे काम. शिकवणे हे त्याचे काम नव्हते. तरी मुले त्याला सर म्हणत. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांस सर म्हणू नये, अशी सूचना मी वर्गावर्गांतून फिरवली. त्यानंतर मुले माझ्यासमोर त्याला काका म्हणू लागली आणि माझ्यामागे पुन्हा सर. शिक्षकांच्या खोलीत त्याचे नाव 'कुठेवाचलंत' असे पडले होते. "अरे, कुठेवाचलंतांना चहा दे," असे मराठीच्या बाई त्याच्या देखत शिपायाला सांगत. तो चहा घेई, पण उभ्याने. खोलीत एक खुर्ची त्याच्यासाठी म्हणून ठेवलेली होती. तिचा एक पाय मोडका होता आणि हे सर्वांना ठाऊक होते.

शाळेत त्याची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती. प्रवेशद्वाराशी, जिन्याच्या डाव्या हाताला, एक काळा फलक होता. त्यावर 'आजची विज्ञानवार्ता' तो मी येण्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत असे. परिपाठाच्या अर्धा तास आधी येऊन, पट्टी न लावता, सरळ ओळींत. मुलांना सोडायला आलेले पालक थांबून वाचत, असे अक्षर. दोन वर्तमानपत्रांत बातमी दिसल्याशिवाय तो ती फलकावर घेत नसे. खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याने पांढऱ्या तैलरंगाने दोन शब्द कायमचे रंगवून ठेवले होते : 'कुठे वाचले :'. पुढची जागा मोकळी. ती तो रोज खडूने भरी. वर्तमानपत्राचे नाव, मासिकाचा महिना, कधी 'रेडिओ, सकाळच्या बातम्या'.

दर जूनमध्ये मी वर्षाची कामे वाटून देत असे. दर जूनमध्ये तो एकच वाक्य बोले. "सर, निवृत्त होईपर्यंत तेवढा फलक माझ्याकडे राहू द्या. बाकी सांगाल ते करतो." दुसरे काही त्याने माझ्याकडे कधी मागितले नाही.

एकदा दुपारच्या सुट्टीत गणिताच्या मास्तरांनी त्याला गाठले.

"कळलं का? शिवडीच्या खाडीत यंदा फ्लेमिंगो आलेच नाहीत. शास्त्रज्ञ चक्रावलेत म्हणे."

"कुठे वाचलंत?"

"अहो, सगळ्या ग्रुपांवर आहे. तुम्हीच तेवढे मागे."

तो डबा तसाच ठेवून उठला. परळहून शिवडीपर्यंत भर उन्हात चालत गेला आणि चालत परत आला. बुटांना चिखल होता. पंचवीस मिनिटे उशीर झाला म्हणून मी त्याची अर्ध्या दिवसाची रजा लावली. दुसऱ्या दिवशी फलकावर बातमी होती, 'शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो आहेत.' कोपऱ्यात होते, 'कुठे वाचले : वाचले नाही, पाहिले.'

शिक्षकांच्या खोलीला ते हसू आठवडाभर पुरले. मीही हसलो.

ही सवय त्याला कुठून लागली, ते मला वर्गाच्या दाराआडून कळले. शिक्षक रजेवर असल्यामुळे त्याला आठवीवर बसवले होते. मी फेरीवर होतो. तो मुलांना सांगत होता, "माझे वडील गिरणीत होते. लालबागला आमच्या नाक्यावर एक फलक होता. संपाच्या दिवसांत कुणीतरी त्यावर लिहिलं, उद्या गिरणी सुरू. वडिलांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. पहाटे धुतलेला सदरा घालून, डबा घेऊन ते गेले. गेट बंद. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, कोणी लिवल्यान ता वाच. मी बघितलं तर खाली नावच नव्हतं."

मी आत जाऊन विचारले, "हे कोणत्या पाठात आहे?" मुले उभी राहिली. तोही उभा राहिला आणि म्हणाला, "कुठल्याच नाही, सर."

संगणक कक्ष त्याच्याकडे आला तो कोणालाच नको होता म्हणून. यंत्रे जुनी, धूळ फार, आणि बिघडले की सही करणाऱ्याची जबाबदारी. त्याने मुलांना चपला-बूट दाराबाहेर काढायला लावले. पत्नीकडून जुन्या साड्यांची झाकणे शिवून आणली, प्रत्येक यंत्राला वेगळ्या साडीचे. मुले आपापसांत भांडत, "आज हिरव्या साडीवर मी बसणार, कालही तूच बसलेलास." तपासणीला आलेले अधिकारी ती झाकणे पाहून हसले आणि मला म्हणाले, "हळदीकुंकू आहे का हो इथे?" त्याच दिवशी मी झाकणे काढायला लावली. त्याने घड्या घालून ती घरी नेली.

पुढे टॅब आले, आणि त्यांच्यामागून एआय आले. मुले एआयला विचारून प्रकल्प लिहू लागली. शिक्षकांना ते सोयीचे झाले, कारण प्रकल्प स्वच्छ दिसत आणि तपासायला वेळ लागत नसे. आठवीतल्या एका मुलीने समुद्राच्या पातळीवरचा प्रकल्प आणला. शेवटी पाच संदर्भग्रंथांची यादी होती. त्याने चष्मा नाकावर घेतला.

"कुठे वाचलंस?"

मुलीने यादीवर बोट ठेवले.

शनिवारी तो गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथालयात गेला. पाचही पुस्तके तिथे नव्हती. ग्रंथपालाने सूच्या चाळल्या. ती पुस्तके कुठेच नव्हती. सोमवारी त्याने मुलीला बोलावले आणि अजिबात न रागावता सांगितले, "पुस्तकांची नावं छान आहेत. फक्त ती कोणी लिहिलेली नाहीत." मग त्याने तिला शेजारी बसवून शिकवले, की यंत्राला विचारायला हरकत नाही, पण ते सांगेल त्याचा माग काढायचा आणि माग लागला नाही तर ते पान कोरे सोडायचे. तिने दोन पाने कोरी सोडली. मी तिचे गुण कापले.

मुलीला मात्र खोड लागली. तिची आई लालबागहून माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "सर, हिला सांगा काहीतरी. घरात काय बोलायची सोय नाही. वडिलांना विचारते, कुठे वाचलंत. ते पेपर वाचतात तरी का! सासरी कशी नांदणार ही?"

त्या वर्षी विज्ञान दिनाला संस्थेचे अध्यक्ष यायचे होते. वर्गांत नवी डिजिटल पॅनेल बसवली होती आणि त्यांचे उद्घाटन होते. अध्यक्ष मूळचे कोकणातले. त्यांना आवडेल अशी बातमी फलकावर असावी, असे मला वाटले. मी माझ्या फोनवर एआयला विचारले, की विज्ञान दिनासाठी कोकणाशी संबंध असलेली एखादी अभिमानास्पद ताजी बातमी दे. काही क्षणांत मिळाली. कोकणातला लाल तांदूळ अंतराळात उगवला होता. त्याला लोंब्याही आल्या होत्या. मी ती कागदावर उतरवली आणि त्याला शिक्षकांच्या खोलीत बोलावून दिली.

"हे उद्या फलकावर घ्या."

चष्मा नाकावर आला. "कुठे वाचलंत, सर?"

बाई आणि गणिताचे मास्तर तिथेच होते. बाईंनी वहीआड तोंड लपवले.

"मी सांगतोय, तेवढं पुरे नाही का?"

"पुरे आहे, सर. फक्त कोपऱ्यात काय लिहू?"

"काही लिहू नका."

"तो मोकळा सोडता येत नाही."

"फलक शाळेचा आहे, तुमच्या घरचा नाही. नीट ऐका. निवृत्तीला आठ महिने उरलेत तुमच्या. तोपर्यंत तो तुमच्याकडे राहावा असं वाटत असेल, तर सांगतो ते लिहा."

त्याने कागदाची घडी केली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी परिपाठासाठी मुले रांगेत उभी होती. फलकावर तांदळाची बातमी होती, लोंब्यांचे रंगीत खडूंनी काढलेले चित्र होते, आणि कोपऱ्यात होते, 'कुठे वाचले : मुख्याध्यापकांनी सांगितले.'

मी त्याला मुलांसमोर बोलावले.

"ती ओळ पुसा."

तो डस्टर शोधू लागला.

"हाताने पुसा."

त्याने तळहाताने पुसले. खडू निघाला आणि रंगवलेले दोन शब्द राहिले. मग राष्ट्रगीत सुरू झाले. पांढरा झालेला पंजा पँटला लागू नये म्हणून बोटे जरा बाहेर धरून तो सावधान उभा होता. रांगेतल्या मुलांचे डोळे त्या पंजावर होते. मी हे सर्व पाहिले.

अध्यक्ष आले. त्यांनी बातमी मोठ्याने वाचली आणि टाळ्या वाजवल्या. पुढच्या रविवारी दादरला कोकणवासीयांचा मेळावा होता. तिथे त्यांनी हीच बातमी भाषणात सांगितली. समोर कृषी महाविद्यालयातले एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. ते उठून म्हणाले, "हे कुठं छापून आलंय ते सांगा. मी आयुष्यभर भातावर काम केलंय." अध्यक्ष भाषणाचे कागद उलटेसुलटे करू लागले. सभागृह हसले.

सोमवारी त्यांचा फोन आला. "हेडमास्तर, तो बोर्ड कोण लिहितो तुमच्याकडे?"

मी म्हणालो, "फलक प्रयोगशाळा सहायक लिहितात."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

नियमाप्रमाणे मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली. तिचा मसुदा मीच केला. 'खातरजमा न करता असत्य मजकूर प्रसिद्ध करून संस्थेची अप्रतिष्ठा केल्याबद्दल.' त्याचे उत्तर दोन वाक्यांचे होते. 'मजकूर मी लिहिला. कुठे वाचले, ते मी लिहिले होते.' ते मी अध्यक्षांकडे पाठवले नाही. खुलासा समाधानकारक नाही, एवढे कळवले. अध्यक्षांना लेखी कबुली हवी होती. मी ती त्याच्याकडे दोनदा मागितली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "जे झालं नाही ते कसं लिहू, सर?"

फलक मी काढायला लावला. त्या जागी पॅनेल बसले. रोजची विज्ञानवार्ता एआय तयार करी आणि ती परिपाठात मी वाचून दाखवी. संगणक कक्षाची किल्लीही त्याच्याकडून घेतली. मोडक्या उपकरणांची भंगारात घालण्यासाठी यादी करायला त्याला तळमजल्यावरच्या कोठीत बसवले. तो यादी करी. पहिले काही दिवस मुले कोठीच्या दाराशी येऊन विचारत, "सर, आजची बातमी?" तो म्हणे, "आज माझ्याकडे नाही रे." मी कोठीबाहेर शिपाई बसवला.

एका सकाळी पॅनेलवरची बातमी मी वाचून संपवली, तेव्हा आठवीच्या रांगेतून हात वर आला. तीच मुलगी होती.

"सर, कुठे वाचलंत?"

मग मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

मी तिला वर्गाबाहेर काढले. सर्वांसमोर माफी मागेपर्यंत ती बाहेरच बसेल, असे सांगितले. ती म्हणाली, "सर, मी प्रश्न विचारला. वाईट काय बोलले?" तिची आई आली, हात जोडले, मुलीला माझ्यासमोर दोन धपाटे घातले. मुलगी रडली, पण माफीचा शब्द तोंडातून निघाला नाही. तीन दिवस ती व्हरांड्यात फरशीवर बसून होती. गुडघ्यांवर पुस्तक ठेवून आतला तास ऐके.

तिसऱ्या दिवशी तो माझ्या दालनात आला. न बोलावता आला, असे पहिल्यांदाच झाले.

"पोरीला आत घ्या, सर. परवा तिची चाचणी आहे."

"माफी मागू दे, घेतो."

"तिची काही चूक नाही. मी शिकवलं तसं तिनं विचारलं."

"शिकवणं तुमचं काम नव्हतं."

"नव्हतं." त्याने खिशातले पेन काढले. मग म्हणाला, "माझ्याकडून काय लिहून हवंय तुम्हाला?"

मी कागद पुढे केला आणि सांगत गेलो. 'मजकूर मी कोठेही न वाचता, स्वतःच्या मनाने लिहिला. मुख्याध्यापकांचा त्याच्याशी संबंध नाही. झाल्या प्रकाराचा मला खेद आहे.' त्याने लिहिले, फलकावर लिहायचा तसेच, सरळ ओळींत. चष्मा कपाळावरच होता. माझ्या एकाही शब्दापाशी तो थांबला नाही, की त्याने काही विचारले नाही. सही केली आणि कागद माझ्याकडे वळवून ठेवला.

"आता घ्या तिला."

पुढच्या तासाला मुलगी वर्गात बसली. आपला प्रश्न मुख्याध्यापकांना पटला, असे तिला वाटले असावे. खरे काय ते तिला कोणी सांगितले नाही. तोही सांगणाऱ्यांतला नव्हता.

अध्यक्षांनी कबुली वाचली आणि म्हणाले, "चूक मान्य करतो, म्हणजे माणूस सरळ दिसतो. पण निरोप समारंभ वगैरे नको." मी तो ठेवला नाही. त्याचा शेवटचा दिवस मुलांना कळला होता. सुटल्यावर ती फाटकाशी थांबणार, हे माझ्या कानावर आले. त्या दिवशी मी शाळा एक तास आधी सोडली आणि मैदान रिकामे करवून घेतले. संध्याकाळी तो बाहेर पडला, तेव्हा फाटकाशी फक्त शिपाई होता. जाण्यापूर्वी त्याने प्रयोगशाळेतल्या सर्व परीक्षानळ्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते.

करी रोडला त्याची चाळ होती. ती पाडली, तेव्हा तो पत्नीला घेऊन गावी गेला. मालवणकडे कुठेतरी. पत्ता मी कधी विचारला नाही.

मी स्वतः निवृत्त झालो त्याला आता काही वर्षे झाली. मागच्या महिन्यात निवृत्तिवेतनाच्या एका कागदासाठी शाळेत गेलो होतो. शिपाई तोच आहे. पाणी देता देता म्हणाला, "सर, काका गेले. आपले लॅबचे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तेंच्या पोरान फोन केल्यान. दोन महिने झाले."

पाण्याचे पिंप जिन्याखाली आहे. पेला ठेवायला गेलो, तर पिंपामागे तो फलक उभा होता. ओलीने त्याची कड फुगली आहे. मधला काळा रंग पोपडे धरून गेला आहे. उजव्या कोपऱ्यातले तैलरंगाचे दोन शब्द शाबूत आहेत. पुढची जागा मोकळी आहे.

मी शिपायाकडे खडू मागितला.

तो म्हणाला, "खडू आता येत नाय, सर. कधीचे बंद झाले."

म्हणून ते येथे लिहितो. कोकणातला तांदूळ अंतराळात उगवला, ही त्या फलकावरची एकमेव खोटी बातमी होती. तिच्याखालची ओळ खरी होती, आणि ती माझ्या हुकमाने पुसली गेली. ती अशी होती :

कुठे वाचले : मुख्याध्यापकांनी सांगितले.